कुत्रा कुणाकडे बघत होता

लेक जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. काळ्या तेलखडूने काढलेला कुत्रा, पाठ लांबलचक, पाय पाच (पाचवा म्हणजे शेपूट आहे हे मला नंतर कळलं), मान मागे वळलेली, आणि त्या वळलेल्या मानेवर दोन्ही डोळे एकाच बाजूला, दोन मोठे रिकामे गोल. गोल काढून झाले आणि ती थांबली. खडू हातात तसाच. मग म्हणाली, "बाबा, ठिपका कुठे काढू?" मी वर न बघताच म्हणालो, "मधे काढ की." "मधे नाही. तो कुणाकडे तरी बघत होता ना! कुणाकडे बघत होता?"

मला सांगता आलं नाही.

तो कुत्रा आम्ही आठदहा दिवसांपूर्वी म्युझियममधे बघितला होता. म्हणजे तिने बघितला होता. मला त्या चित्रातलं सगळं आठवत होतं, मोठं थोरलं जुनं तैलचित्र, एक कुटुंब, काळ्या कपड्यातला बाप, मांडीवर हात ठेवून बसलेली आई, तीन मुलं, मागे पडदा, चित्रकार कोण, शतक कुठलं, बाजूच्या पाटीवर काय लिहिलं होतं तेही थोडंफार. कुत्रा होता हेही आठवत होतं, खाली डाव्या कोपऱ्यात. पण त्याची मान कशी होती, डोळे कुठे होते, काहीच नाही. आणि चार वर्षांची पोरगी त्याच कुत्र्यासमोर उभी राहिली होती, मी हात धरून ओढेपर्यंत. "चल, अजून खूप बघायचंय." हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा म्हणालो असेन. पहिल्यांदा प्रेमाने, नंतर घाईने, शेवटी जरा आवाज चढवून. ती मान मागे वळवून, त्या कुत्र्यासारखीच, बघत बघत पुढच्या दालनात गेली.

तिच्या प्रश्नानंतर ते वाक्य माझ्या कानात जे अडकलं ते निघेना. कारण अजून खूप बघायचं होतं ते कुणाला? मला. मी ठरवून आलो होतो, चार दालनं, त्यातली अमुक चित्रं चुकवायची नाहीत, मुलीला लहानपणापासून चांगलं काही दाखवायचं, तिची कल्पनाशक्ती वाढली पाहिजे वगैरे. हे सगळं मी मनापासून म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण कल्पनाशक्ती जिथे खरोखर जागी झाली होती तिथून मीच तिला उचलून नेलं.

नंतर एकदा सहज हिशेब केला. म्युझियममधे चित्रं टांगतात ती साधारण मोठ्या माणसाच्या नजरेच्या हिशेबाने, चित्राचा मध्य जमिनीपासून दीडएक मीटरवर, १४५ ते १५५ सेंटिमीटरच्या आसपास येईल अशी. चार वर्षांचं मूल असतं एक मीटरचं, आणि त्याचे डोळे त्याहूनही अर्धी वीत खाली. म्हणजे मी त्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या नजरेसमोर आई-बापाचे चेहरे होते, आणि तिच्या नजरेसमोर काय, तर बुटांची टोकं, झग्याची झालर, फरशी आणि कुत्रा. वर बघायचं तर मान दुखेपर्यंत मागे टाकायची, आणि तरी वरच्या दिव्याची तिरीप व्हार्निशवर चमकणार आणि चेहऱ्यांच्या जागी पांढरा डाग दिसणार. मला वाटत होतं ती चित्र सोडून कोपऱ्यात काहीतरी बघत बसलीये. तिच्यासाठी तोच चित्राचा मध्य होता.

आणि तसं बघायला गेलं तर मोठी माणसं तरी कुठे थांबतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलेलं आहे, तो अभ्यास २००१ साली छापून आला. सरासरी निघाली २७ सेकंद, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदाच्या आतच पुढे गेलेले. त्यातही पाटी वाचण्याचा वेळ धरलेला. सतरा सेकंदात माझी लेक बुटाची पट्टी सोडून परत लावते. ती त्या कुत्र्यासमोर तीनचार मिनिटं तरी असेल, तेव्हा मला तो वेळ लांबलचक वाटला होता, कारण माझ्या मनात पुढची दालनं होती.

मला माझ्या लहानपणचं एक कॅलेंडर आठवतं. मी पाचसहा वर्षांचा असेन, बरेच दिवस ताप होता, खाटेवर पडून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं. त्या महिन्याच्या पानावर जंगलाचं चित्र होतं, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि मधून एक पायवाट, ती आत जाऊन डावीकडे वळायची आणि एका खडकामागे दिसेनाशी व्हायची. बस एवढंच. माणूस नाही, जनावर नाही. मी दिवसभर त्या वाटेने जायचो. खडकापर्यंत पोचायचो आणि पुढे काय असेल ते ठरवायचो, कधी पाणी, कधी एक दार, एकदा तर मीच तिकडून येताना मला भेटलो आणि त्याने मी इतका घाबरलो की कूस बदलून भिंतीकडे पाठ केली. तापामुळे ती झाडं हलायची सुद्धा. आईला मी विचारलं होतं, खडकाच्या मागे काय आहे? ती औषधाचा चमचा पुसत म्हणाली, मला काय माहीत, मी कुठे गेलेय तिकडे. आणि नंतर रोज संध्याकाळी अंगाला हात लावून ताप बघायची आणि विचारायची, "आज कुठपर्यंत गेलास?"

महिना संपला तरी तिने पान उलटलं नाही. तारीख बघायची असेल तेव्हा ती पान हाताने वर उचलायची, खालचा महिना बघायची आणि पान परत सोडायची. मी बरा होऊन खाटेवरून उठल्यावर कधीतरी ते पान उलटलं गेलं असेल. ते चित्र काही थोर नव्हतं, छापाई पण भडक, हिरव्यात निळा सांडलेला. पण मला आज जे काही सुचतं, रिकाम्या जागेत काहीतरी असणार असं जे वाटतं, ते त्या खडकामागून आलं असं मी अगदी खात्रीने सांगू शकतो. आईने कुठलं पुस्तक वाचून हे केलं नव्हतं. तिला उत्तर माहीत नव्हतं आणि तिने ते बनवून सांगितलं नाही, आणि पान उलटण्याची घाई केली नाही. मी मात्र मुलीच्या बाबतीत भरपूर वाचलं, आणि पान उलटत राहिलो.

स्टार्सचंही तसंच झालं होतं. ती तीन वर्षांची असताना मी सोनेरी स्टार्सच्या स्टिकरची मोठी शीट आणली. चित्र काढलं की कोपऱ्यात एक स्टार. तिला इतका आनंद व्हायचा आणि मला पण. सुरुवातीला ती एका कागदावर अर्धा अर्धा तास रमायची, गरगर गोल, त्यात ठिपके, वर परत गोल, तोंडाने काहीतरी पुटपुटत. स्टार्स सुरू झाले आणि महिन्याभरात एकेका कागदावर एकेक रेघ यायला लागली. रेघ मारायची, धावत यायचं, "स्टार दे." दुसरा कागद, दुसरी रेघ, "स्टार दे." मग शीट संपली. मी दुसरी आणायला विसरलो, आणि तिने काही दिवस खडूला हातच लावला नाही. मला वाटलं कंटाळली असेल, मुलं कंटाळतात. खूप नंतर मला कळलं की ह्यावर १९७३ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली मुलं, जी आपणहून आवडीने रंगीत पेनांनी चित्रं काढायची. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल, आणि दिलंही. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एकदोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली तेव्हा ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढत बसली. हे वाचलं तेव्हा मला ती धावत येणारी पावलं आठवली आणि पोटात कालवलं. मी तिला आनंद देत होतो असं मला वाटत होतं, आणि तिचा आनंद जिथे होता तिथून तो काढून माझ्या हातातल्या शीटवर ठेवत होतो.

तेव्हापासून मी "वा, सुंदर" म्हणायचं कमी केलं. बंद नाही करता येत, आपल्या मुलीचं चित्र बघून तोंडातून निघतंच, आणि निघावं. पण मी आता शेजारी बसतो आणि जे दिसतं ते बोलतो. "इथे तू खूप जोरात दाबलंयस." "ही रेघ कागदाच्या बाहेर गेली." मग ती बोलते. तिची माणसं डोक्यालाच पाय फुटलेली असायची, एक मोठा गोल, त्यात डोळे-तोंड, आणि गोलातून खाली दोन काठ्या. तीनचार वर्षांची मुलं वेगवेगळ्या देशांत अशीच माणसं काढतात, कुणी शिकवत नाही. मी एकदा विचारलं, पोट कुठंय ह्याचं? तिने माझ्याकडे अशा दयेने बघितलं. "आत आहे." बरोबरच आहे. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ साली लिहून ठेवलंय की लहान मूल डोळ्याला दिसतं तेवढंच काढत नाही, त्याला जे माहीत असतं ते काढतं, म्हणून भिंतीतून घरातली माणसं दिसतात आणि बाजूने काढलेल्या चेहऱ्यावर दोन्ही डोळे येतात. कुत्र्याला दोन डोळे असतात हे तिला माहीत आहे, मग एक कुठे टाकून देणार? मोठं होता होता ही माणसं जातात. हल्ली तिच्या माणसांना मान यायला लागली आहे आणि मला थोडं वाईट वाटतं, म्हणजे आनंद होतोच, पण ती डोक्यातून पाय फुटलेली माणसं मी जपून ठेवली आहेत, पाठीमागे पेन्सिलने तारीख टाकून. चित्रकार पॉल क्ले याने १९११ साली आपल्या कामाची यादी करायला घेतली तेव्हा त्यात स्वतःची लहानपणची काही चित्रं पण घेतली होती. त्याची ती चित्रं इतकी वर्षं कुणीतरी टाकून दिली नव्हती म्हणूनच ना!

कुत्र्याच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो तेव्हा पहिलं सुचलं ते मोबाईलवर चित्र शोधणं. शोधलं, मिळालंही. पण त्या फोटोत कोपरा काळपट, झूम केलं की सगळे चौकोन चौकोन. डोळ्याच्या जागी एक तपकिरी चौकोन. लेकीने बघितलं आणि मोबाईल बाजूला केला, "हा तो नाही."

मग मी एक वेगळं काम केलं. पीटर ब्रूगेलचं 'मुलांचे खेळ' म्हणून चित्र आहे, १५६० चं, मूळ व्हिएन्नाच्या म्युझियममधे असतं. त्याचं मोठं प्रिंट काढून आणलं आणि भिंतीवर लावलं, माझ्या नजरेसमोर नाही, तिच्या. चित्राचा मध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, मी टेप घेऊन मोजला. एका चौकात दोनशेच्या वर मुलं आणि ऐंशीच्या आसपास खेळ, कुणी चाक फिरवतंय, कुणी पायाला काठ्या बांधून चालतंय, कुणी पिंपावर बसलंय, कुणी एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतंय. मी ठरवून काही सांगितलं नाही, चित्रकाराचं नाव नाही, साल नाही. पहिले दोन दिवस तिने ढुंकूनही बघितलं नाही आणि मला फार जड गेलं गप्प बसणं. तिसऱ्या दिवशी चपला शोधताना तिथे बसली आणि बसूनच राहिली. मग हाक आली, "बाबा, ही शी ढवळतेय काठीने!" आणि खरंच, एक मुलगी अगदी मन लावून तेच करत होती. साडेचारशे वर्षांहून जुनी ती पोर आणि माझी पोर, दोघींच्या चेहऱ्यावर तीच एकाग्रता. मी ते चित्र अनेकदा बघितलंय, त्यावर वाचलंय, ती मुलगी मी कधी बघितली नव्हती.

आता त्या प्रिंटचा खालचा भाग बोटांनी मळलाय, एक कोपरा फाटलाय, त्याला चिकटपट्टी लावलीये. रोज कुणीतरी नवं सापडतं. डावीकडच्या घराच्या खिडकीतून एकजण मुखवटा लावून बाहेर बघतोय, तो तिला बरेच दिवस आवडत नव्हता, झोपताना त्याच्यावर कागद चिकटवायला लावायची. मग एक दिवस तिनेच कागद काढला आणि मला म्हणाली, तो रडत होता म्हणून त्याने ते लावलंय. मी विचारलं, का रडत होता? ती म्हणाली, त्याला खाली कुणी बोलावलं नाही. मला ह्यावर काय बोलावं कळेना. मी पण त्या खिडकीकडे बघत राहिलो. एवढी सगळी मुलं खाली आणि हा एकटा वर. एका जागी मुलाला बसू दिलं की ते एवढ्या आत जातं, आणि तिथून काय घेऊन येईल ते आपल्याला माहीत नसतं. घाबरवणारंही आणेल. ते आणतं तेव्हा आपण जवळ असावं एवढंच मला हल्ली वाटतं, माझी आई चमचा घेऊन जवळ होती तशी.

त्या सगळ्या दिवसांत कुत्रा रिकाम्या डोळ्यांनी टेबलावर पडलेला. मी एकदोनदा म्हणालो पण, काढून टाक ना ठिपके, कुठेही काढ. नाही म्हणाली.

शेवटी आम्ही परत गेलो. ह्यावेळी फक्त कुत्र्याला भेटायला, बाकी काही बघायचं नाही असं ठरवून, आणि बाकीच्या दालनांवरून नुसतं चालत जाताना माझे डोळे तिकडे वळत होते हे कबूल करतो. तीच गार गुळगुळीत फरशी, तिच्या बुटांचा चुईं चुईं आवाज, जुन्या लाकडाचा वास. ती चित्रासमोर जाऊन खाली बसली, मीही बसलो. खाली बसल्यावर चित्र वेगळंच झालं. आई-बाप लांब उंचावर गेले, अंधुक, आणि झालरीच्या खालचा अंधार मोठा झाला, त्या अंधारातून कुत्रा बाहेर आलेला. पुढचा एक पाय किंचित उचललेला. कान मागे. मान वळवून तो कुटुंबाकडे बघतच नव्हता, तो बघत होता डावीकडे, चौकटीच्या बाहेर. बुबुळं इतकी कडेला की पांढऱ्याची बारीक कोर दिसत होती, एकाच फटकाऱ्यात काढलेली. चौकटीच्या बाहेर डावीकडे होती नुसती राखाडी भिंत, आणि मग दार.

"दिसलं?" मी विचारलं. तिने ओठावर बोट ठेवलं.

आम्ही बसून राहिलो. लोक येत होते, आमच्या डोक्यावरून चित्र बघत होते, जात होते. तिथल्या सुरक्षा रक्षकाने एकदा वाकून बघितलं की सगळं ठीक आहे ना, आणि परत आपल्या जागी गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. ती चित्राकडे कमी आणि त्या भिंतीकडे जास्त बघत होती. बऱ्याच वेळाने ती मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "आला." आणि उठली, फ्रॉक झटकला आणि दाराकडे चालायला लागली. मी मागे वळून भिंतीकडे बघितलं. कोण आला ते विचारायचं अगदी ओठावर आलं होतं.

घरी आल्यावर तिने बूट न काढताच कागद घेतला. दोन्ही गोलांत ठिपके काढले, इतके कडेला की त्यातला एक गोलाच्या बाहेरच पडला. मग बराच वेळ खडूचा आवाज येत राहिला, मी आतून काही बघितलं नाही. रात्री ती झोपल्यावर दिवा लावून तो कागद हातात घेतला. कुत्रा तसाच, पाच पायांचा. आणि डावीकडे, कागदाच्या अगदी कडेला, अर्धा बूट. टाच अजून कागदाबाहेर होती.